पीटीएसडीसाठी न्यूरोफीडबॅक: कोणी घेतलंय का? (पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या)

पाऊलवाट | रात्री २:१४

जागीच आहे म्हणून लिहूनच टाकते. तीन वर्षांपूर्वी गाडीचा अपघात झाला, मी ड्रायव्हरच्या शेजारी होते आणि ट्रक बाजूने आला. हाडं सहा महिन्यांत जुळली, बाकीचं काही जुळलं नाही. अजूनही गाडीत मी मागच्या सीटवर बरोब्बर मधे बसते, दोन्ही खिडक्यांपासून लांब, आणि पुढच्या सीटच्या कव्हरवरचे टाके मोजत राहते. ट्रकच्या ब्रेकचा तो फुस्स आवाज आला की हात आपोआप डोक्यावर जातात, भर मीटिंगमधे पण गेलेत, लोक हसले मग मीही हसले, काय करणार.

पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, असं निदान झालंय. गोळी चालू आहे, तिने धार जरा बोथट झाली एवढंच. बोलायची थेरपी दोनदा सुरू केली आणि दोनदा सोडली, कारण "त्या दिवशी काय झालं ते सांगा" इथवर आलं की माझा आवाजच बंद होतो, कानात शीळ वाजायला लागते आणि पुढचे तीन दिवस कामातून गेलेले असतात.

आता एका क्लिनिकने न्यूरोफीडबॅक सुचवलंय, म्हणजे आपल्याच मेंदूच्या लहरी स्क्रीनवर बघत त्या बदलायचं ट्रेनिंग. आधी डोक्याला सेन्सर लावून मेंदूचा रंगीत नकाशा काढला, उजव्या बाजूला लालभडक डाग होता, म्हणाले हा बघा तुमचा ट्रॉमा. चाळीस सेशन, पैसे सगळे आधी भरायचे, आणि म्हणे दहातल्या नऊ जणांना गुण येतो. तो लाल डाग बघून मला तिथेच रडू आलं, खोटं कशाला सांगू, तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बोट ठेवून दाखवलं की हे इथे आहे, तू नाटक करत नाहीयेस. घरी आल्यावर मात्र डोकं चालायला लागलं. दहात नऊ? मग सगळे डॉक्टर हेच का देत नाहीत?

कोणाचा अनुभव असेल तर सांगा. चांगला वाईट दोन्ही.

वायरमन | सकाळी ७:०५

मी ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची नोंद, काढायचं काम करतो, चौदा वर्षं झाली. उपचारातलं मला कळत नाही पण वायरींमधलं कळतं, तर तेवढंच बोलतो.

पहिली गोष्ट, हे मशीन डोक्यात काहीही सोडत नाही. शॉक नाही, करंट नाही, काही नाही. फक्त ऐकतं. मेंदूचा जो सिग्नल कातडीपर्यंत पोचतो तो मायक्रोव्होल्टमधे असतो, म्हणजे एका व्होल्टचे दहा लाख तुकडे करा आणि त्यातले दहावीस उचला, इतका बारीक. (न्यूरोफीडबॅकच्याच नावाखाली बारीकसा करंट सोडणाऱ्याही काही पद्धती असतात, त्या वेगळ्या, तुम्हाला कुठली देणार ते विचारून घ्या.)

दुसरी गोष्ट तुमच्या लाल डागाची. आत्ता एक करा, कानाच्या जरा वर, कानशिलावर बोटं ठेवा आणि दात आवळा. काहीतरी टरारून वर आलं ना? तो जबडा आवळायचा स्नायू. त्याच जागेवर सेन्सर असतो आणि स्नायूचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलपेक्षा कितीतरी पट मोठा असतो. घाबरलेला माणूस खुर्चीत बसला की दात आवळूनच बसतो, आणि मग सॉफ्टवेअरमधे तिथे वेगवान लहरींचा भडका दिसतो, लालभडक. तुमचा डाग स्नायूचाच आहे असं मी म्हणत नाही, न बघता कसं म्हणणार, पण नकाशा काढायच्या आधी त्यांनी डोळ्यांची उघडझाप, जबडा, मान हे सगळं रेकॉर्डिंगमधून कापून काढलं का एवढं विचारा. आणि लाल म्हणजे आजार असं नसतं हो. त्यांच्याकडे निरोगी लोकांच्या रेकॉर्डिंगचा साठा असतो, त्याच्या सरासरीपासून तुम्ही किती लांब आहात तो फरक रंगात दाखवतात. लांब असण्याला हजार कारणं. झोप झाली नसली तरी, गोळी चालू असली तरी. चिंतेच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी बीटा नावाच्या वेगवान लहरी सरळ वाढलेल्या दिसतात.

ट्रॉमाचा असा डाग नसतो जो बघून निदान करता येईल. पीटीएसडीचं निदान बोलून, प्रश्न विचारूनच होतं.

पाऊलवाट | सकाळी ७:३१

कानशिलावर बोट ठेवून बघितलं. मी दात आधीच आवळलेले होते. 🙂

जुनी_वही | सकाळी ९:४८

ताई, मी घेतलंय. लहानपणचं प्रकरण आहे, त्यात जात नाही. एकूण ३१ सेशन झाली, आठवड्यातून दोन. बसल्यावर नक्की काय होतं ते कोणी धड सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कानामागे आणि डोक्यावर एकदोन जागा स्पिरिटसारख्या कशाने तरी खसाखसा पुसतात, मग गार चिकट पेस्ट लावून छोट्या वाट्यांसारखे सेन्सर चिकटवतात, दोन्ही कानांना क्लिपा. ती पेस्ट नंतर केसांतून जात नाही, दोनदा धुतलं तरी कंगव्याला पांढरं लागतं. समोर स्क्रीन. माझ्या स्क्रीनवर एक होडी होती. मेंदू त्यांना हव्या त्या पट्ट्यात राहिला की होडी पुढे जाते आणि बारीक टिंग वाजतं, सुटला की होडी थांबते, पाणी काळपट होतं. बस एवढंच. पहिल्या दिवशी मी होडी ढकलायला लागलो, म्हणजे कपाळाला आठ्या घालून जोर लावून, आणि ती जी ठप्प झाली ती झालीच. त्या बाई म्हणाल्या प्रयत्न करू नका, नुसतं बघा. माझ्यासारख्याला हे सांगणं म्हणजे... असो. सहाव्या का सातव्या सेशनला मी दुसऱ्याच कसल्या विचारात होतो आणि एकदम लक्षात आलं की टिंग टिंग टिंग चाललंय केव्हापासून. काय केलं मी? काहीच नाही. सायकलचा तोल जसा सांगता येत नाही तसं.

फरक काय पडला तर पहिला फरक झोपेत. रात्री तीनला दचकून उठायचो ते आधी चारवर गेलं मग कधीकधी सहा. दुसरा फरक बायकोच्या लक्षात आला, मला नाही, की मागून कोणी हाक मारली की मी आता वळतो, उडत नाही. पण आठवणी तशाच आहेत, त्या कुठे गेल्या नाहीत. आणि तिसऱ्या आठवड्यात एक घोळ झाला, स्वप्नं इतकी भयंकर आणि इतकी स्पष्ट पडायला लागली की मी बंदच करणार होतो. बाईंना सांगितलं, त्यांनी फ्रीक्वेन्सी थोडी खाली आणली, सेशन अर्ध्यावर आणलं, मग आठवड्याने बसलं. म्हणून दर वेळी गेल्या गेल्या "काल झोप कशी झाली" हे विचारणारा माणूस समोर हवा. नुसतं मशीन लावून बाहेर जाऊन फोनवर बोलत बसणारा नको.

तर्कट | सकाळी ११:२०

अनुभवाबद्दल आदर आहे, खरंच. पण धाग्यात कोणीतरी खडा टाकायला हवा म्हणून मी.

जुनी वही, तुम्ही ३१ वेळा एका शांत खोलीत गेलात, एका समजूतदार बाईंनी दर वेळी तुमची झोप विचारली, अर्धा तास तुम्ही कुठलीही हालचाल न करता बसलात, आणि शिवाय वेळही गेला. यातल्या कशाने बरं वाटलं? होडीने? कशावरून?

हा प्रश्न चावटपणाचा नाही. एडीएचडीच्या, म्हणजे मुलांचं लक्ष न टिकणं, चंचलपणा याच्या बाबतीत हेच झालं. वर्षानुवर्षं न्यूरोफीडबॅकचे गोडवे गायले गेले, मग खोटा फीडबॅक देऊन तुलना केली, म्हणजे स्क्रीनवरची होडी त्या मुलाच्या मेंदूवर चालतच नाही, आधीच रेकॉर्ड केलेल्या सिग्नलवर चालते, आणि मुलाला ते माहीत नाही, तर २०२१ मधे आलेल्या मोठ्या चाचणीत खरा आणि खोटा दोन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. दोन्ही सुधारले हं! म्हणजे काहीतरी चांगलं होतंच, फक्त ते लहरींच्या ट्रेनिंगमुळे होतंय हे सिद्ध झालं नाही.

पीटीएसडीत लोक पेनिस्टन आणि कुल्कोस्की या संशोधकांचं नाव घेतात. १९९१, व्हिएतनाम युद्धातून परतलेले २९ सैनिक, १५ जणांना अल्फा-थीटा ट्रेनिंग (मेंदूच्या संथ लहरी वाढवायचं), १४ जणांना नेहमीचे उपचार. अडीच वर्षांनी नेहमीच्या उपचारांतले १४ च्या १४ पुन्हा घसरले आणि ट्रेनिंगवाल्यांतले फक्त ३. ऐकायला कसलं भारी. पण २९ माणसं! आणि निकाल इतका स्वच्छ की मलाच संशय येतो.

मधला_मार्ग | दुपारी १:१५

तर्कट, खडा योग्य आहे, पण अर्धाच टाकलात. मी मानसशास्त्रज्ञ आहे, ट्रॉमावरच काम करते, न्यूरोफीडबॅक स्वतः देत नाही, माझे तीन पेशंट बाहेर घेतात. त्यामुळे विकायला माझ्याकडे काही नाही.

पेनिस्टनच्या पुढे गोष्ट गेलेली आहे. २०१६ मधे ट्रॉमावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांची चाचणी आली, ५२ माणसं, सगळी जुनाट पीटीएसडीची, आणि महत्त्वाचं म्हणजे आधी किमान सहा महिने ट्रॉमाची थेरपी घेऊनही न सुधारलेली. २८ जणांना १२ आठवड्यांत २४ सेशन दिली, २४ जण वेटिंग लिस्टवर. शेवटी पीटीएसडीच्या निकषांत बसणारे न्यूरोफीडबॅकच्या गटात २७.३ टक्के उरले, वेटिंगवाल्यांत ६८.२. आता तुम्ही म्हणाल वेटिंग लिस्ट ही काय तुलना झाली, ज्याला काहीच दिलं नाही त्याच्याशी. बरोबर आहे, माझंही तेच म्हणणं. त्यानंतर २०२० मधे कॅनडातून रूथ लेनियस यांच्या गटाची चाचणी आली, तीत खोट्या फीडबॅकचा गट ठेवला होता. ३६ पेशंट, आठवड्याला एक अशी २० सेशन, अल्फा लहरी जरा दाबायचं ट्रेनिंग. खऱ्या गटात लक्षणं कमी झाली आणि तीन महिन्यांनी त्यातले ६१.१ टक्के लोक निदानातून बाहेर होते. म्हणजे एडीएचडीची गोष्ट जशीच्या तशी इथे लावता येत नाही. पण माणसं किती? अठरा अठरा. एवढ्यावर कोणी घर बांधू नये.

म्हणूनच मार्गदर्शक सूत्रं बघितली तर ती अगदी जपून बोलतात. आघातावर काम करणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयएसटीएसएस, तिने २०१८ मधे न्यूरोफीडबॅकला "पुरावा तयार होतोय" अशा रकान्यात ठेवलं. अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण खात्याचं २०२३ चं मार्गदर्शन म्हणतं की घ्या असंही सांगता येत नाही, घेऊ नका असंही सांगता येत नाही, पुरावा पुरेसा नाही. तेच मार्गदर्शन प्रोलाँग्ड एक्सपोजर, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवणींवर काम करायची पद्धत) या ट्रॉमाच्या थेरपींमागे मात्र ठाम उभं आहे. पाऊलवाट, तुम्ही विचारलंत ना सगळे डॉक्टर हेच का देत नाहीत, तर म्हणून. आणि दहात नऊ हा आकडा मी आजवर कुठल्याही धड चाचणीत वाचलेला नाही.

उगवतीचा_तारा | दुपारी १:४०

हे सगळं पाश्चात्त्यांचं फॅड. मन खंबीर करा, रोज सकाळी डोळे मिटून अर्धा तास ध्यान करा, आपोआप जाईल. मशीनची काय गरज.

अर्धविराम | दुपारी २:०२

@उगवतीचा_तारा डोळे मिटले की काय दिसतं ते माहीत असतं तर हे लिहिलं नसतंत.

मी अल्फा-थीटा घेतलंय आणि माझा अनुभव वाईट आहे म्हणून मुद्दाम लॉगिन केलं. त्यात डोळे मिटून आरामखुर्चीत बसवतात आणि झोप लागायच्या अलीकडच्या उंबऱ्यावर न्यायचं असतं, कानात समुद्राचा आवाज. थीटा वाढलं की एक घंटा, अल्फा वाढलं की दुसरी. हे चौथ्याच सेशनला मला लावलं. आधी शांत करायचं, जमीन पक्की करायची असं काही केलंच नाही. तिसऱ्या मिनिटाला मी तिथे होते. म्हणजे आठवत नव्हते, तिथे होतेच, तो वास, तो जिना, सगळं. डोळे उघडले तर खोलीत कोणी नाही, ऑपरेटर शेजारच्या खोलीत दुसऱ्याला वायरी लावत होता. तो समुद्र तसाच चालू. वायरी मीच ओढून काढल्या आणि केसांत पेस्ट तशीच घेऊन रस्त्यावर आले. उरलेल्या सव्वीस सेशनचे पैसे बुडाले, कारण कागदावर आधीच सही घेतली होती की परत मिळणार नाहीत. महिनाभर मी लाइट लावून झोपत होते. त्या जागेचं नाव विचारू नका, देणार नाही.

मधला_मार्ग | दुपारी २:३०

अर्धविराम, वाचून वाईट वाटलं. हे व्हायला नको होतं, आणि यात तुमची काही चूक नाही.

बाकीच्यांसाठी सांगते. अल्फा-थीटाने माणूस झोपेच्या काठावर जातो आणि तिथे आठवणींवरचं झाकण सैल होतं. काहींना त्याचाच फायदा होतो. पण ते करायचं तर समोर बसलेल्या माणसाला ट्रॉमाची थेरपी यायला हवी, नुसतं सॉफ्टवेअर येऊन भागत नाही. म्हणून नेहमीची शिस्त अशी की आधी डोळे उघडे ठेवून शांत व्हायचं ट्रेनिंग, ते बरेच आठवडे, आणि खोल पाण्यात नंतर, तेही हवं असेल तरच. आणि तारा, ध्यानाचं म्हणाल तर पीटीएसडी असलेल्या काहींना डोळे मिटून बसणं मानवत नाही, त्याचं कारण वर लिहिलंच आहे त्यांनी. ज्यांना मानवतं त्यांनी जरूर करावं.

वायरमन | दुपारी ४:१०

जरा जुनी गोष्ट सांगू का, मला आवडते म्हणून. माणसाचा पहिला ईईजी १९२४ साली हान्स बर्गरने काढला, जर्मनीत येना इथे, आणि पाच वर्षं कोणाला सांगितलंच नाही, १९२९ मधे छापलं. आणि हे ट्रेनिंगचं जे आहे ते मांजरांपासून आलंय! बॅरी स्टरमन म्हणून संशोधक, १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात मांजरांना शिकवत होते की १२ ते १५ हर्ट्झची एक विशिष्ट लहर काढली की खाऊ मिळेल. मांजरं शिकली. ते संपलं. मग त्यांच्याकडे वेगळंच काम आलं, रॉकेटच्या इंधनातलं एक विषारी रसायन किती घातक आहे ते बघायचं, आणि त्यासाठी मांजरांना ते दिलं तर सगळ्यांना फिट्स यायला हव्यात, पण काही मांजरं दाद देईनात. कुठली? तर आधी लहरी शिकलेली.

मांजराला काय कळणार प्लासिबो, म्हणजे नुसत्या विश्वासाने बरं वाटणं. @तर्कट 😄

तर्कट | दुपारी ४:२२

मांजराचा मुद्दा मान्य. पण ती फिट्सची गोष्ट, पीटीएसडीची नाही. मांजराला फुस्स आवाजाने तीन वर्षांपूर्वीचा ट्रक आठवत नाही.

नवा_गडी | संध्याकाळी ६:५५

घरी वापरायचे हेडबँड मिळतात ना आता, मोबाईलला जोडायचे. त्याने नाही का होणार हे? स्वस्तात काम.

वायरमन | संध्याकाळी ७:१२

कपाळावर कोरडे सेन्सर, तिथे डोळ्याची हालचाल आणि कपाळाच्या आठ्याच जास्त येतात. शांत बसायची सवय लावायला ठीक. पण पीटीएसडीवर एकट्याने घरी नको, मधेच काही वर आलं तर शेजारी कोण आहे?

जुनी_वही | संध्याकाळी ७:५०

एक बातमी वाचली होती की अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-यंत्रं मंजूर करणारं खातं) पीटीएसडीसाठी असलं एक यंत्र मंजूर केलंय, ते काय आहे? कोणाला माहितीये का?

मधला_मार्ग | रात्री ९:०५

हो, प्रिझम नावाचं, इस्रायली कंपनीचं. मार्च २०२३ मधे मंजुरी मिळाली. त्यातली कल्पना मला खरंच आवडते. अमिग्डला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूतला बदामाएवढा भाग, तो इतका खोल असतो की डोक्यावरच्या सेन्सरला थेट ऐकू येत नाही. म्हणून त्यांनी लोकांना एमआरआयमधे घालून एकाच वेळी ईईजी पण घेतला आणि आत अमिग्डला चेतली की बाहेर लहरींचा नमुना कसा दिसतो ते शोधून काढलं. आता तो नमुनाच वापरतात. स्क्रीनवर एक हॉल असतो, माणसं काउंटरपाशी उभी राहून कलकल करत असतात, तुमची घंटा शांत झाली की ती एकेक करून खाली बसतात, आवाज कमी होतो. १५ सेशन. पण मंजुरी चालू उपचारांच्या जोडीला अशी आहे, त्यांच्याऐवजी नाही, आणि ज्या अभ्यासावर ती मिळाली त्यात तुलनेचा गटच नव्हता. तर्कट आता लिहायच्या आधी मीच लिहिते.

तर्कट | रात्री ९:०९

माझं काम कमी केलंत. धन्यवाद.

पाऊलवाट | रात्री ११:४०

सगळं दोनदोनदा वाचलं. अर्धविराम, तुमची पोस्ट वाचताना मी मधेच उठून दार लावलंय का बघून आले, का ते माहीत नाही.

मला एक सांगा मधला मार्ग, माझी अडचण ही आहे की ज्या थेरपीमागे पुरावा आहे ती मला सहन होत नाही, आणि जी सहन होईल असं वाटतं तिच्यामागे पुरावा नाही. मी काय करायचं?

मधला_मार्ग | रात्री ११:५८

हा नेमका प्रश्न आहे आणि याचं स्वच्छ उत्तर माझ्याकडे नाही, पण मी माझ्या पेशंटच्या बाबतीत कसा विचार करते ते सांगते.

तुम्ही दोनदा थेरपी सोडलीत असं म्हणता, पण मला तुमच्या वर्णनात दिसतं ते असं की दोन्ही वेळा तुम्हाला फार लवकर त्या दिवसात नेलं गेलं. आवाज बंद होणं, कानात शीळ हे म्हणजे शरीराने फ्यूज उडवलाय. फ्यूज उडालेला असताना बोलून काही शिकता येत नाही. तर तो फ्यूज जरा जाड करायला न्यूरोफीडबॅकचा उपयोग होत असेल, माझ्या तिघांपैकी दोघांना झाल्यासारखा वाटतो, तिसऱ्याला काही नाही, तर त्याकडे थेरपीच्या दारापर्यंत नेणारी पायरी म्हणून बघा. आणि ती एकच पायरी नाही, श्वासाचं आहे, जमिनीवर पाय टेकवायचे व्यायाम आहेत, नुसतं हळू जाणारा थेरपिस्ट शोधणं आहे. ईएमडीआरमधे सगळं तोंडाने सांगावं लागत नाही, ते विचारून बघितलंय का कधी?

घ्यायचंच ठरवलंत तर चाळीसचे पैसे एकदम भरू नका, दहा करून बघते म्हणा. नाही म्हणाले तर उठून या. देणाऱ्याचं मूळ शिक्षण काय, तो मानसोपचारातला आहे की फक्त मशीनचा कोर्स केलेला, बीसीआयएसारख्या (न्यूरोफीडबॅक देणाऱ्यांना प्रमाणित करणारी संस्था) संस्थेचं प्रमाणपत्र आहे का, आणि सेशनमधे मला फ्लॅशबॅक आला तर तुम्ही काय कराल हे तोंडावर विचारा. जो गडबडेल तो नको. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, कोणी म्हणालं की गोळीमुळे लहरी नीट येत नाहीत तरी नाही, काही गोळ्या अचानक तोडल्या तर फिट येऊ शकते. तुमच्या सायकियाट्रिस्टना सांगून ठेवा हे सुरू करतेय म्हणून.

आणि मोजा. पीसीएल-५ नावाची प्रश्नावली असते, २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८० पैकी. सुरू करायच्या आधी भरा, मग दर महिन्याला. दहाएक मार्क उतरले तर काहीतरी खरं होतंय असं साधारण धरतात. नकाशातला लाल डाग फिका झाला हे मला चालत नाही, तुम्ही झोपलात का ते सांगा.

अर्धविराम | रात्री १२:१०

आणि सही करायच्या आधी कागद वाचा. सगळा. मागच्या बाजूचा पण.

पाऊलवाट | सव्वातीन महिन्यांनी

धागा वर काढतेय, रागावू नका. 

त्या लाल डागवाल्यांकडे गेलेच नाही. विचारलं होतं फोनवर, की स्नायूचं काढून टाकता का रेकॉर्डिंगमधून, तर पलीकडे आधी शांतता आणि मग "मॅडम तुम्ही डॉक्टर आहात का". दुसऱ्या एक बाई मिळाल्या, मुळात थेरपिस्ट आहेत, मशीन नंतर शिकल्या. दहा दहाचं ठरलंय. आकड्यांची खात्री देत नाही म्हणाल्या, त्यावरूनच बरं वाटलं.

माझ्याकडे होडी नाही, एक फुलपाखरू आहे, त्याचे पंख उघडतात आणि मिटतात. बाराव्या सेशनला बाहेर रस्त्यावर फुस्स झालं. फुलपाखरू खाडकन मिटलं, माझे हात निम्मे वर आलेले. बाईंनी स्क्रीन बंद केली नाही, काही बोलल्या पण नाहीत, फक्त खुर्ची जरा जवळ ओढली. आणि मग मी बघत बसले, आणि ते हळूहळू उघडलं, थोडं मिटलं, परत उघडलं. मला आजवर कळलंच नव्हतं की त्या आवाजानंतर मी परत येते. मला वाटायचं त्या आवाजानंतर दिवस संपतो. बाईंनी वेळ बघून ठेवली होती, चार मिनिटं.

सोबत त्यांच्याशीच बोलणं पण चालू आहे, हळू. अजून ट्रकपर्यंत आलो नाही. त्या दिवशी सकाळी मी कोणते कपडे घातले होते इथवर आलोय. मधे एक आठवडा डोकं फार दुखलं आणि चिडचिड झाली, तेव्हा एक सेशन गाळलं.

पीसीएल-५: आधी ५४, आता ४९. तर्कट, मला माहितीये तुम्ही काय म्हणणार.

तर्कट | त्याच रात्री

पाच मार्कांचा फरक तर नुसत्या मोजण्यातल्या चुकीनेही पडू शकतो, आणि सोबत थेरपी चालू असल्यामुळे श्रेय कोणाचं ते कळायला मार्ग नाही. दहा उतरले की बोलू.

गाडीत कुठे बसता?

पाऊलवाट | त्याच रात्री

मागेच. पण खिडकीशी.